हे वाक्य कुणाचं?

गाण्याच्या भेंड्या कुणालाही खेळता येतात. चाल हाताशी असते, शब्द विसरले तरी बाकीचे सावरून घेतात, आवाज बेसूर लागला तरी गोंधळात खपून जातो. संवादावरून सिनेमा ओळखायचा खेळ मात्र अवघड. तिथे ना चाल, ना ठेका. एक वाक्य टाकायचं आणि समोरच्याने सिनेमाचं नाव सांगायचं. आमच्याकडे हा खेळ उन्हाळ्याच्या सुट्टीत गच्चीवर चालायचा, लग्नाच्या आदल्या रात्री हॉलवर गाद्या टाकल्या की चालायचा, रात्रीच्या एसटीत दिवे मालवले की चालायचा. मला तो फार प्रिय आहे आणि तो कसा खेळावा याबद्दल माझी मतं पक्की आहेत.

पहिलं मत म्हणजे नक्कल बंद. ‘कितने आदमी थे’ हे अमजद खानच्या घशातून काढलं की ओळखायचं काय राहिलं? वाक्य सरळ वाचल्यासारखं म्हणायचं. अभिनेता बाजूला झाला की त्या वाक्यात मुळात किती दम होता ते तिथल्या तिथे कळतं. काही वाक्यं अशी कोसळतात की आश्चर्य वाटतं. काही मात्र कुणाच्याही तोंडी उभी राहतात. ‘मैं आज भी फेंके हुए पैसे नहीं उठाता’ हे माझ्या आजीने तिच्या अस्सल देशावरच्या हिंदीत म्हटलं होतं, तरी सगळे क्षणभर गप्प झाले होते.

दुसरं मत, अतिप्रसिद्ध वाक्यं टाकायची नाहीत. मोगॅम्बो खूश झाला हे आता शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आणि त्याच्या उलट टोकाची, म्हणजे कुठल्याच सिनेमाची नसलेली वाक्यंही नकोत. ‘अब इन्हें दवा की नहीं, दुआ की जरूरत है.’ ‘ये शादी नहीं हो सकती.’ ‘कानून के हाथ बहुत लंबे होते हैं.’ ‘पुलिस ने तुम्हें चारों तरफ से घेर लिया है.’ ही वाक्यं इतक्या सिनेमांतून फिरली की त्यांना घरच राहिलं नाही. आमच्या मावशीने एकदा ‘माँ, मैं पास हो गया’ टाकलं, आणि नंतर अर्धा तास जो तो आपापला सिनेमा तिच्यापुढे मांडत बसला. सगळेच बरोबर होते.

खेळाला खरी रंगत येते ती या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात. वाक्य ऐकलेलं असतं, जिभेवर असतं, पण कोण, कुणाला, कधी म्हणालं ते आठवत नाही. मग डोळे मिटून माणसं आठवू लागतात: संध्याकाळ होती, पाऊस होता, ती दाराशी उभी होती. सिनेमाचं नाव सगळ्यात शेवटी येतं. आधी खोली येते, मग माणूस येतो, मग आवाज.

या मधल्या पट्ट्यातला आमच्या घरचा बादशहा म्हणजे भाऊकाका. वडिलांचे मावसभाऊ. सांगलीच्या एका टॉकीजमध्ये ते डोअरकीपर होते. बॅटरी दाखवून माणसं जागेवर बसवायची, तिकिटाचा अर्धा तुकडा फाडून घ्यायचा, दाराचा जाड पडदा ओढायचा आणि बाहेर स्टुलावर बसायचं. सिनेमा त्यांनी पाहिला तो तुकड्यातुकड्यांनी; ऐकला मात्र सबंध. दिवसाला तीन खेळ, रविवारी मॅटिनी वेगळी, आणि चाललेला सिनेमा आठवड्यामागून आठवडे मुक्कामाला. लाकडी दाराच्या अलीकडे बसून त्यांनी सत्तरचं अख्खं दशक कानाने पाहिलं असं म्हटलं तरी चालेल.

त्यामुळे त्यांच्या ओळखण्यात एक वेगळीच गोष्ट यायची. ते वाक्याबरोबर प्रेक्षकही ओळखायचे. कुणी टाकलं, ‘जब तक बैठने को न कहा जाए, शराफत से खडे रहो. ये पुलिस स्टेशन है, तुम्हारे बाप का घर नहीं,’ की ते म्हणायचे, “‘जंजीर’. ह्याला स्टॉल उठायचा. बाल्कनी न्हाई. बाल्कनीतल्या लोकांना पोलीस स्टेशनात खुर्ची मिळायची की, त्यांना काय त्याचं?” 1973 साली ‘जंजीर’ आला तेव्हा प्राणसारख्या नावाजलेल्या नटाची खुर्ची लाथेने उडवणारा तो सडपातळ इन्स्पेक्टर लोकांनी का डोक्यावर घेतला, यावर पुढे मी बरंच वाचलं. काकांच्या त्या दोन वाक्यांइतकं नेमकं फार थोडं सापडलं.

कोणत्या वाक्याला चिल्लर पडते, कोणत्या वाक्याला बायका पदर डोळ्याला लावतात, कोणतं वाक्य आलं की कँटीनवाल्याने वडे तेलात सोडायचे, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. आणि त्यांचा हुकमी पत्ता म्हणजे शेवटचं वाक्य. सिनेमा सुटायच्या आधी दारं उघडायची हे त्यांचं काम. म्हणून प्रत्येक सिनेमातलं शेवटाकडचं एक वाक्य त्यांनी खूण म्हणून धरलेलं असायचं. ते ऐकू आलं की उठायचं, अडसर काढायचा, पडद्याच्या कड्या सरकवायच्या.

‘आनंद’ची गोष्ट ते सांगायचे ती मला अजून जशीच्या तशी आठवते. 1971 चा तो सिनेमा त्यांच्याकडे आला तेव्हा त्यांनी आधी तो बाहेरूनच ऐकला. शेवटी राजेश खन्ना जातो, अमिताभ बच्चन उशिरा पोचतो, सगळीकडे रडारड, आणि तेवढ्यात ‘बाबूमोशाय’ अशी हाक येते. आत बसलेल्यांना दिसतं की टेपरेकॉर्डर चालू आहे, रीळ फिरतंय. बाहेरच्या स्टुलावर बसलेल्या माणसाला ते कसं दिसणार? काकांना वाटलं, माणूस वाचला. आनंदाने दार किलकिलं करून पाहिलं तर सगळं थिएटर हुंदके देतंय. “माणूस जिता आन आवाज मेला, आवाज जिता आन माणूस मेला, दारामागनं दोन्ही सारखंच ऐकू येतं बग,” असं ते म्हणायचे. ‘आनंद मरा नहीं, आनंद मरते नहीं’ ही त्यांची दार उघडायची खूण होती. पण त्या सिनेमापुरतं त्यांनी ठरवून टाकलं होतं की दार थोडं उशिरा उघडायचं. एकदम उजेड आत आला की लोकांना आपले ओले चेहरे लपवायला वेळ मिळत नाही.

कानाने सिनेमा पाहणारे काका एकटेच नव्हते. ‘शोले’ 15 ऑगस्ट 1975 ला आला. त्याची गाणी आधी फारशी उठली नाहीत, मग पॉलिडॉर कंपनीने संवादांची तबकडी काढली आणि ती घरोघरी, हॉटेलांतून, गणपतीच्या मांडवांतून वाजू लागली. आमच्याकडच्या कितीतरी लोकांनी गब्बर आधी ऐकला, मग पाहिला. तबकडीवर चित्र नसतं. घोड्याच्या टापा, पट्टा दगडावरून घासत गेल्याचा आवाज, आणि मग तो प्रश्न. लहान पोरांना सबंध प्रवेश पाठ असायचे, मधल्या शांततेसकट. मला वाटतं, आपल्या पिढ्यांना संवाद ऐकायची सवय लावली ती या तबकडीने आणि तिच्यानंतर आलेल्या कॅसेटींनी.

पण पाठ होण्यात एक धोका असतो आणि त्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. ‘इतना सन्नाटा क्यों है भाई?’ हे वाक्य घ्या. वर्गात मास्तर आले, ऑफिसात साहेब आले, नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणी दोन दिवस बोललं नाही, की हे वाक्य पडतं आणि हशा होतो. आता ते मूळ जागी जाऊन पाहा. रामगढचे इमामसाहेब आंधळे आहेत. त्यांचा एकुलता एक मुलगा अहमद, म्हणजे आपला कोवळा सचिन पिळगावकर, नोकरीसाठी जबलपूरला निघालेला. वाटेत गब्बरच्या माणसांनी त्याला धरलं. आता घोड्यावरून त्याचं प्रेत गावात आलं आहे. सगळं गाव जमलंय, कुणाच्याही तोंडून शब्द फुटत नाही. काठी टेकत ए. के. हंगल येतात आणि विचारतात, एवढी शांतता का आहे. समोर काय पडलंय हे सगळ्यांना दिसतंय, फक्त ज्याला दिसायला हवं त्याला दिसत नाही. त्यानंतर ते म्हणतात, जगातलं सगळ्यात जड ओझं म्हणजे बापाच्या खांद्यावर मुलाचा जनाजा.

सलीम-जावेद यांची करामत पाहायची तर ती इथे पाहावी. गब्बरच्या आरोळ्या लिहिणं एक वेळ जमेल. पण मुलाचं मरण आंधळ्या बापाला सांगायचं कसं, हा प्रश्न सोडवताना त्यांनी कुणालाच काही सांगायला लावलं नाही. विचारणारा विचारतो, गाव गप्प राहतं, आणि ते गप्प राहणं हेच उत्तर होऊन बसतं. वाक्यात अलंकार नाही, अवघड शब्द नाही. ‘भाई’ हा शेवटचा शब्द तर किती रोजचा, चावडीवर उभ्या उभ्या विचारावा तसा. म्हणून आमच्या खेळात हे वाक्य कुणी टाकलं तर नाव सांगून सुटका होत नाही. प्रसंग सांगावा लागतो. सांगता सांगता हसणारे आपोआप थांबतात.

‘फेंके हुए पैसे’चंही तसंच. बहुतेकांना ते रुबाबाचं वाक्य वाटतं, आणि आहेच ते रुबाबाचं. पण त्यातला जीव ‘आज भी’ या दोन शब्दांत आहे. ‘दीवार’मध्ये लहानपणी बूटपॉलिश करणारा विजय एका गिऱ्हाइकाला सांगतो की पैसे फेकू नका, उचलून हातात द्या. बरीच वर्षं जातात, पोरगा गोदीतला हमाल होतो, आणि तोच गिऱ्हाईक असलेला दावर त्याच्यापुढे पुन्हा पैसे टाकतो. ‘आज भी’ म्हटल्याबरोबर दावरच्या आणि आपल्या डोक्यात तो पोरगा उभा राहतो. मधली वर्षं त्या दोन शब्दांत बसवली आहेत. खेळात हे वाक्य टाकताना काही लोक ‘आज भी’ गाळतात. गाळलं की ओळखूही येत नाही, असा माझा अनुभव आहे. ‘मैं फेंके हुए पैसे नहीं उठाता’ कुणीही म्हणेल. ‘आज भी’ म्हणायला मागे एक सिनेमा लागतो.

आता एक मजेशीर प्रकार. काही वाक्यं सगळ्यांना पाठ असतात, कुणाची आहेत हेही सगळे छातीठोकपणे सांगतात, आणि ती कुठल्याच सिनेमात नसतात. ‘इसे लिक्विड ऑक्सिजन में डाल दो. लिक्विड इसे जीने नहीं देगा और ऑक्सिजन इसे मरने नहीं देगा.’ अजितचं वाक्य म्हणून ते घराघरांत प्रसिद्ध आहे. तो विनोद आहे, लोकांनी रचलेला. ‘मोना डार्लिंग’ला तरी ‘जंजीर’मधल्या बिंदूचा आधार आहे, ‘सारा शहर मुझे लायन के नाम से जानता है’ तर खरंच ‘कालीचरण’मधलं आहे. अजितच्या त्या थंड, दात आवळून बोलण्यावर लोक इतके खूश होते की त्याला वाक्यं कमी पडतात म्हणून त्यांनी आपल्या पदरची लिहून दिली.

पण या विनोदाची घडण नीट ऐका. एक जगू देणार नाही, दुसरा मरू देणार नाही. ही घडण आपण आधी कुठे ऐकली आहे? ‘मुगल-ए-आझम’मध्ये पृथ्वीराज कपूरचा अकबर अनारकलीला हेच बजावतो: सलीम तुला मरू देणार नाही आणि आम्ही तुला जगू देणार नाही. ज्या कुणी अनाम माणसाने तो विनोद रचला त्याच्या कानात के. आसिफच्या दरबारातला तो आवाज नक्की घुमत असणार. आणखी गंमत म्हणजे स्वतः अजित त्या सिनेमात आहे. दुर्जनसिंह, सलीमचा निष्ठावान साथीदार. म्हणजे बादशहाचं वाक्य फिरत फिरत, ऑक्सिजनमध्ये बुडून, अखेर त्याच सिनेमातल्या रजपूत सरदाराच्या गळ्यात येऊन पडलं. हे लक्षात आलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती, इतका आनंद झाला होता.

‘मुगल-ए-आझम’ 5 ऑगस्ट 1960 ला मुंबईच्या मराठा मंदिरात झळकला. त्याचे संवाद चौघांनी लिहिले: अमान, कमाल अमरोही, वजाहत मिर्झा आणि एहसान रिझवी. ही चार नावं मी मुद्दाम लिहिते आहे, कारण इथे मी माझ्या तिसऱ्या आणि सगळ्यात महत्त्वाच्या मताशी पोचले. आमच्या खेळात आता सिनेमा ओळखला तर अर्धा गुण. वाक्य कुणी लिहिलं ते सांगितलं तरच पूर्ण.

हा नियम आला तेव्हा घरात बरीच ओरड झाली. पण जरा विचार करा. ‘चिनॉय सेठ, जिनके अपने घर शीशे के हों, वो दूसरों पर पत्थर नहीं फेंका करते’ म्हटलं की आपण राजकुमार म्हणून टाळी देतो. राजकुमारचा पांढरा बूट, राजकुमारची ऐट, ‘जानी’. सगळं कबूल. पण 1965 च्या ‘वक्त’मधलं ते वाक्य अख्तर-उल-ईमान यांच्या लेखणीतून उतरलं. उर्दूतले मोठे कवी; ‘यादें’ या संग्रहाला 1962 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एवढा मोठा कवी, पण सिनेमात त्यांचं नाव गाण्यांपुढे नाही, संवादांपुढे लागलं. काचेच्या घराची म्हण तशी जुनी. त्यांनी केलं काय, तर आधी ‘चिनॉय सेठ’ ही सावकाश हाक ठेवली. ती हाक काढा, उरतो शाळेच्या फळ्यावरचा सुविचार. ती ठेवा, आणि एका माणसाला दुसऱ्याने अंगाला हातही न लावता भिंतीशी दाबून धरलेलं दिसतं.

राजिंदरसिंग बेदींसारखा कथाकार बिमल रॉय यांच्या 1955 च्या ‘देवदास’चे संवाद लिहितो आणि दिलीपकुमारच्या तोंडी ‘कौन कमबख्त’ घालतो. राही मासूम रझा ‘आधा गाँव’सारखी कादंबरी लिहितात, ‘गोलमाल’मध्ये उत्पल दत्तला मिशीचं तत्त्वज्ञान पुरवतात, आणि पुढे दूरदर्शनच्या ‘महाभारता’त काळालाच बोलायला लावतात. मिशी आणि काळ, दोन्ही एकाच दौतीतून. कादर खान मुंबईच्या साबू सिद्दीक कॉलेजात शिकवत होते. ‘ऐसा तो आदमी लाइफ में दोइच टाइम भागता है. ओलंपिक का रेस हो, या पुलिस का केस हो.’ ‘अमर अकबर अँथनी’तलं हे वाक्य मुंबईच्या गल्लीत कान उघडे ठेवून राहिलेल्या माणसालाच सुचेल. लखनौच्या दिवाणखान्यातून ते निघणार नाही.

सलीम-जावेद यांनी तर ‘जंजीर’च्या वेळी रंगारी धरून मुंबईत लागलेल्या पोस्टरांवर स्वतःची नावं घालून घेतली होती. तेव्हा अनेकांना हा आगाऊपणा वाटला असेल. मला तो हक्क वाटतो. शिडी आणि रंगाचा डबा घेऊन फिरणाऱ्या त्या माणसाचं चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. जे काम निर्मात्याने करायला हवं होतं ते त्या रंगाऱ्याने केलं.

मराठीत आलो की हा प्रश्न आणखी जवळचा होतो. ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ हे वाक्य माहीत नाही असा मराठी माणूस विरळा. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत ते येतं, सभागृहात येतं, कुठल्याही दडपलेल्या प्रकरणाला ते चिकटतं. जब्बार पटेलांचा ‘सामना’, निर्माते रामदास फुटाणे, पडद्यावर डॉ. श्रीराम लागू आणि निळू फुले, आणि लेखन विजय तेंडुलकरांचं. गावात कुठून तरी आलेला एक दारुडा मास्तर. हिंदुराव धोंडे पाटलाचं राज्य: साखर कारखाना, बंगला, माणसं, सगळं त्याचं. मास्तरला खायला-प्यायला मिळतंय, मान मिळतोय. त्याने फक्त एवढंच करायचं की हा एक प्रश्न विचारायचा नाही. आणि तो विचारतो.

या वाक्याची ताकद मला नेहमी तिथल्या नावात वाटते. न्याय कुठे आहे, सत्य काय आहे, असं मास्तर विचारत नाही. असल्या प्रश्नांना हिंदुराव हसून उत्तर देऊ शकला असता. मास्तर एका माणसाचं नाव घेतो, आडनावासकट. त्या नावाला घर आहे, बायको आहे, जात आहे, गावात पत्ता आहे. मोठमोठ्या शब्दांना टाळता येतं, मारुती कांबळेला टाळता येत नाही. तेंडुलकरांनी पुढे ‘सिंहासन’ लिहिला, पुन्हा जब्बार पटेलांबरोबर. त्याचा शेवट म्हणजे दिगू टिपणीस झालेल्या निळू फुल्यांचं ते भयंकर हसणं. भाऊकाकांच्या शेवटच्या वाक्यांच्या यादीत त्या हसण्याचा समावेश होता. शब्द नसले तरी ते वाक्यच, असं ते म्हणायचे, आणि मला ते पटतं.

आणि मग ‘धनंजय माने इथेच राहतात का?’ आता हे वाक्य माझ्या नियमाप्रमाणे बाद व्हायला हवं, कारण ते ओळखू न येणारा माणूस मला भेटलेला नाही. पण ‘अशी ही बनवाबनवी’साठी मी माझा नियम मोडते. 1988 चा हा सिनेमा आज वीस वर्षांची मुलंही अथपासून इतिपर्यंत म्हणून दाखवतात. ‘हा माझा बायको पार्वती’, सत्तर रुपयांचं वारणं. कथा हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’वरून घेतलेली, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. दिग्दर्शक सचिन, हेही. म्हणजे ‘शोले’त घोड्यावरून निपचित आलेला अहमदच इथे सुधा होऊन लुगडं सावरतो. विजू खोटेही दोन्हीकडे आहेत. ‘सरदार, मैंने आपका नमक खाया है’ म्हणणारा कालिया तो हाच. मग विचारा, संवाद कुणाचे? इथे बहुतेक घरं शांत होतात.

वसंत सबनीस. ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य लिहिणारे. दादा कोंडके ज्या लोकनाट्यातून महाराष्ट्रभर पोचले ते हेच, आणि पुढे 1971 च्या ‘सोंगाड्या’चं लेखनही सबनीसांचंच. हे कळलं की ‘बनवाबनवी’ निराळी ऐकू येऊ लागते. अशोक सराफ आणि सुधीर जोशी यांच्यातली ती सत्तर रुपयांची चकमक ही वगातली सवाल-जवाबाची चकमक आहे. एकाने सरळ विचारायचं, दुसऱ्याने वाकडं उत्तर द्यायचं, पहिल्याने ते खरं मानून आणखी खोलात जायचं. कोतवाल आणि हवालदार यांच्या जागी पुण्यातला घरमालक आणि त्याचा भाडेकरू आले, एवढंच. पात्रं शहरी कपड्यांत, पण बोलण्याची लय बोर्डावरची. लक्ष्मीकांत बेर्डे, अशोक सराफ ही मंडळी रंगभूमीवर मुरलेली होती म्हणून ती लय त्यांना सहज उचलता आली. अभिनेत्यांना मिळालेलं प्रेम अगदी योग्य आहे. त्यातला एक वाटा मला सबनीसांकडे पोचवायचा असतो, आणि घरच्या खेळात का होईना, तो मी पोचवते.

या खेळाचं एक अपुरेपण मात्र मला जाणवतं आणि त्यावर उपाय सापडलेला नाही. जो बोलत नाही तो इथे हरतो. ‘शोले’तली बसंती कुणालाही ओळखू येते, तिचं बोलणं थांबतच नाही. राधाचं काय? जया भादुरीच्या त्या विधवेला वाट्याला आलेले संवाद किती थोडे! ती संध्याकाळी एकेक दिवा मालवत जाते, समोर ओट्यावर जय माउथऑर्गन वाजवतो. सबंध सिनेमातली सगळ्यात नाजूक गोष्ट तीच, आणि आमच्या खेळात तिला प्रवेश नाही. 1987 च्या ‘पुष्पक’मध्ये तर कमल हासन अखेरपर्यंत एक शब्द बोलत नाही. माझा एक चुलतभाऊ आपली पाळी आली की नुसता हाताची घडी घालून बसायचा आणि सगळे एका सुरात ‘पुष्पक’ म्हणून ओरडायचे. आणि ज्या ‘आलम आरा’मुळे 14 मार्च 1931 ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये हिंदी सिनेमा पहिल्यांदा बोलला, त्याची एकही प्रत आज उरलेली नाही. त्यातलं एकही वाक्य त्या पडद्यावरच्या आवाजात आता कुणाला ऐकता येणार नाही. दुसऱ्याच वर्षी आलेला प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ सुदैवाने आहे. दुर्गा खोट्यांची तारामती त्यात बोलताना ऐकू येते. याच दुर्गाबाई पुढे ‘मुगल-ए-आझम’मध्ये जोधाबाई झाल्या, आणि आपला कालिया, विजू खोटे, नात्याने त्यांचा पुतण्या.

भाऊकाका आता नाहीत. त्यांच्या टॉकीजच्या जागी कपड्यांचं मोठं दुकान आहे. खेळ माझ्या भाचीने उचलला आहे आणि तिने त्यात स्वतःची भर घातली आहे. ती फोनवर सिनेमाचा तुकडा लावते आणि पडदा उशीखाली दाबते, फक्त आवाज ऐकवते. तिला काकांची गोष्ट कुणीतरी सांगितली असणार. तिच्या पिढीला ‘सैराट’ आणि ‘नटसम्राट’ जवळचे. ‘कुणी घर देता का घर?’ तिने नाना पाटेकरांच्या तोंडून 2016 मध्ये ऐकलं. मी तिला सांगितलं की शिरवाडकरांनी ते 1970 च्या नाटकासाठी लिहिलं आणि रंगमंचावर पहिल्यांदा डॉ. लागूंनी म्हटलं. तिने लगेच वाद घातला की मग हे सिनेमाचं वाक्य धरायचं की नाटकाचं, आणि गुण कसे द्यायचे. दोघींनी मिळून ठरवलं की लेखकाचं नाव बरोबर आलं तर नाटक, सिनेमा काहीही चालेल.

सबनीसांचं नाव तिने मागच्या दिवाळीत पहिल्यांदा ऐकलं. ‘बनवाबनवी’ तोंडपाठ असलेल्या मुलीला ते ऐकून रागच आला, आपल्याला हे आजवर कुणी सांगितलं कसं नाही म्हणून. मग तिने वाचनालयातून ‘विच्छा माझी पुरी करा’चं पुस्तक मिळवलं. आता ते तिच्या पिशवीत असतं, पानोपानी पेन्सिलीच्या खुणा. परवा फोन करून तिने बजावलंय की मे महिन्याच्या सुट्टीत ती फक्त त्यातलीच वाक्यं टाकणार आहे, आणि मावशी म्हणून मला एकही गुण सोडणार नाही. मी दुसरी प्रत मागवली आहे. पहिला अंक वाचून झाला.